आर्सचे देऊळ आणि त्याचे धर्मगुरू संत जॉन मरिया व्हियान्नी

देवळाचा महोत्सव आला म्हणजे गावातील वृद्ध मंडळींना जुन्या गोष्टी आठवू लागतात. कौले कोणत्या साली बदलली, घंटा कोणी आणिली, भिंत खचली तेव्हा वाळू कोणाच्या गाडीने आली, हे सारे त्यांच्या जिभेवर असते. आणि तरुण ते ऐकून घेतात, कधी आदराने तर कधी कंटाळून. आपल्या देवळाचा वृत्तांत वाचकांना या पुस्तिकेत इतरत्र मिळेलच. प्रस्तुत लेखकाने येथे दूरदेशीच्या एका लहानशा गावाची व तेथील धर्मगुरूंची हकीकत सांगावयाचे योजिले आहे. पोप अकरावे पायस यांनी १९२९ साली ज्यांना जगातील सर्व गावोगावच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून नेमिले, ते संत जॉन मरिया व्हियान्नी आपणांस पापनिवेदन ऐकणारे थोर धर्मगुरू म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या कार्याचा आरंभ विटा आणि चुना यांपासून, एका मोडकळीस आलेल्या देवळाच्या दुरुस्तीपासून झाला, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नाही.

फ्रान्स देशात लिऑन शहराजवळ दार्दिली नावाचे खेडे आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरी ८ मे १७८६ रोजी जॉन मरियाचा जन्म झाला. मूल तीन वर्षांचे होते न होते तोच त्या देशात राज्यक्रांतीचा वणवा पेटला. राज्यकर्त्यांनी धर्मगुरूंकडून नव्या घटनेची शपथ मागितली. जे ती घेईनात त्यांना हद्दपारी, तुरुंग किंवा मरण वाट्याला आले. देवळांना कुलुपे लागली आणि घंटा मुक्या झाल्या. निष्ठावंत धर्मगुरू सुतार, स्वयंपाकी अशी सोंगे घेऊन रात्री-अपरात्री खेड्यांतून हिंडत, आणि लोक अंधारात शेते तुडवीत एखाद्या गोठ्यात किंवा माजघरात मिस्सासाठी जमत. व्हियान्नी कुटुंबाने असल्या धर्मगुरूंना आपल्या घरात आसरा दिला होता. जॉनला प्रथम ख्रिस्तशरीर मिळाले ते १७९९ साली एक्युली गावातील एका घरात. आतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताने भरलेल्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या आणि पुरुषमाणसे त्या उतरवीत असल्याचे दाखवीत होती. ज्या मुलाने देऊळ असे चोरून, गवताच्या आडोशाने पाहिले, त्याला पुढे उघड्या दारांच्या व घणघणत्या घंटेच्या देवळाचे एवढे वेड का लागले, हे निराळे सांगावयास नको.

त्यांच्या विद्याभ्यासाची कथा दु:खाची आहे. शाळा जवळजवळ नव्हतीच. विशीच्या सुमारास एक्युलीचे धर्मगुरू फादर बॅले यांच्यापाशी त्यांनी लॅटिनचे धडे सुरू केले, पण ती भाषा काही केल्या डोक्यात शिरेना. मध्येच १८०९ साली नेपोलियनच्या सैन्यभरतीत नाव निघाले. आजारपणामुळे पलटणीच्या मागे राहिले, आणि भलत्याच माणसाच्या संगतीने डोंगरातील ले नोए या गावी जाऊन बराच काळ लपून राहिले. सेमिनरीत गेल्यावर लॅटिनमधील व्याख्याने समजेनात, म्हणून त्यांना घरी धाडण्यात आले. फादर बॅले यांनी मात्र हात सोडला नाही. त्यांच्या खटपटीने १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोब्ल येथे त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली. गंमत अशी, की पुढे ज्यांच्या पुढ्यात लाखो लोक पापनिवेदनासाठी गुडघे टेकणार होते, त्यांना आरंभीचे काही महिने पापनिवेदन ऐकण्याची परवानगीच नव्हती! वरिष्ठांना त्यांच्या ज्ञानाची खात्री वाटत नव्हती. १८१७ च्या डिसेंबरात फादर बॅले वारले, आणि दोन महिन्यांनी व्हियान्नींची नेमणूक आर्स गावी झाली. त्या गावात देवावरील प्रेम फारसे नाही, ते तुम्हीच तेथे न्यावे, अशा अर्थाचे शब्द बोलून मुख्य कारभाऱ्यांनी त्यांस निरोप दिला.

आर्स हे दोंब नावाच्या सखल, तळ्यांच्या प्रदेशात लिऑनच्या उत्तरेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. मातीची चाळीसेक घरे आणि सुमारे २३० माणसे. ते धड स्वतंत्र पॅरिशही नव्हते; शेजारच्या मिझेरिए गावाच्या हाताखालचे ठाणे होते. देऊळ मात्र पुरातन, बाराव्या शतकातील. एकाच लांबट दालनाचे, लहान खिडक्यांचे, खेडवळ. क्रांतीच्या काळात या देवळाची दुर्दशा झाली होती. तेथील त्या वेळच्या धर्मगुरूने सरकारी शपथ घेतली आणि पुढे याजकपणच टाकून दिले. १७९४ साली त्या प्रांतातील देवळांची घंटाघरे पाडून टाकण्याचा हुकूम सुटला, कारण इतरांच्या घरांहून उंच असे काही असणे हे समतेच्या विरुद्ध ठरले होते! आर्सचे घंटाघरही तेव्हा जमीनदोस्त झाले. शांतता झाल्यावर लोकांनी चार लाकडे उभी करून त्यांवर घंटा टांगली. छत फाटके, वेदीची लाकडे किडलेली, मिस्साची वस्त्रे विरलेली. देवळात यावयाची सवयच पुष्कळांची मोडली होती. ते दुष्ट किंवा नास्तिक होते असे नव्हे. एक पिढी घंटेवाचून वाढली, एवढेच.

१८१८ च्या फेब्रुवारीत धुक्याच्या एका सायंकाळी नवे धर्मगुरू एक्युलीहून पायी निघून आर्सच्या शिवेवर आले. वाट सापडेना, तेव्हा मेंढरे राखणाऱ्या एका मुलाने त्यांना वाट दाखविली. त्या जागी आज त्या दोघांचे स्मारक उभे आहे. गावच्या वाड्यात एक वृद्ध, अविवाहित बाईसाहेब राहत. त्यांनी धर्मगुरूंच्या घरात चांगले सामान मांडून ठेविले होते. व्हियान्नींनी त्यातील बहुतेक परत पाठवून दिले आणि अगदी जरुरीपुरते ठेविले. स्वत:साठी उकडलेले बटाटे पुरत, तेही कित्येक दिवसांचे एकदम उकडून ठेवलेले. देवळासाठी मात्र त्यांना कोणतीही वस्तू पुरेशी चांगली वाटत नसे. पहिल्यांदा त्यांनी किडलेली वेदी काढून पदरच्या पैशाने नवी आणिली, ती बसविताना कारागिरांबरोबर स्वत: खपले, भिंतीवरील लाकूडकाम आपल्या हातांनी रंगविले. मिस्साची वस्त्रे व पात्रे पाहण्यासाठी ते लिऑनपर्यंत पायी जात. झगा ठिगळांचा, पायांत जाड बूट, आणि दुकानात मागणी मात्र उत्तमात उत्तम जरतारीची. दुकानदारांना नवल वाटल्यावाचून राहत नसे. वाड्यातील बाईसाहेबांचे बंधू पॅरिसला असत. त्यांनी या कामी सढळ हाताने साह्य केले, आणि मिरवणुकीचे छत, निशाणे, वस्त्रे अशी एकेक मौल्यवान वस्तू त्या खेड्यात येऊ लागली.

त्यानंतर घंटाघर. १८२० च्या सुमारास लाकडांचा तो सांगाडा उतरवून विटांचे चौकोनी, मजबूत घंटाघर उभे राहिले. त्याला पाहून कोणी शिल्पकलेची तारीफ करणार नाही. बसके, साधे, लाल विटांचे असे ते आहे. पण सव्वीस वर्षांनी घंटा आपल्या जागी गेली. त्याच सुमारास देवळाच्या बाजूस पवित्र मरिया मातेचे कापेल बांधले गेले, आणि तेथे दर शनिवारी मिस्सा करण्याचा नेम त्यांनी जन्मभर चालविला.

मध्यंतरी हे सारे काम अर्ध्यावर राहावयाचे होते. १८२० च्या वसंतात व्हियान्नींची बदली साओन नदीपलीकडील सॅल या गावी झाली. आज्ञा ती आज्ञा; त्यांनी आपले थोडकेच सामान गाडीत भरून नदीकाठी नेले. नदीला पूर आलेला, होडी लागेना. परत आले. पुन्हा गेले, पुन्हा नदीने अडविले. दरम्यान गावातील प्रमुख मंडळी लिऑनला जाऊन वरिष्ठांना भेटली आणि आमचे धर्मगुरू आम्हांस ठेवावे अशी विनंती करून आली. बदली रद्द झाली, आणि पुढच्याच वर्षी, १८२१ साली, आर्सला स्वतंत्र पॅरिशचा दर्जा मिळाला. दोन वर्षांपूर्वी ज्यांना देऊळ उघडे आहे की बंद याची फारशी पर्वा नव्हती, तेच लोक आपल्या धर्मगुरूसाठी दुसऱ्याच्या दारी पदर पसरावयास गेले! देवळाची दुरुस्ती खऱ्या अर्थाने येथे सुरू झाली असे आम्हांस वाटते.

तथापि लोकांच्या मनाची डागडुजी इतकी सरळ नव्हती. एवढ्याशा गावात दारूचे चार गुत्ते होते, त्यांतील दोन तर देवळाच्या अगदी जवळ. आदितवारी सकाळी शेतात कुळव चाले आणि संध्याकाळी नाच. व्हियान्नींनी प्रवचनांतून या गोष्टींवर कडक, आज वाचताना अतिकठोर वाटणारे, प्रहार केले. एका गुत्तेवाल्यास त्यांनी धंदा सोडण्यासाठी पदरचे पैसे दिले. नाचासाठी आलेल्या वाजंत्र्यास ठरल्या मजुरीच्या दुप्पट रक्कम देऊन वाटेतूनच परत धाडल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. १८२३ साली देवळात बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचे कापेल बांधिले गेले, तेव्हा त्याच्या कमानीवर त्यांनी एक वाक्य लिहविले: या संताचे शिर एका नाचाची किंमत म्हणून गेले, असा त्याचा आशय. नाचणाऱ्यांनी ते वाचले, काही हसले, काही रागावले. रागावलेल्यांनी त्यांच्या दारावर घाण फासली आणि त्यांच्या शीलाविषयी ओंगळ कंड्या पिकविल्या. या कामी ते फार कडक वागले असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत, आणि ते म्हणणे अगदीच निराधार नाही. पुढे वय वाढले तसे ते पापनिवेदनात कितीतरी सौम्य झाले. पण लोक वळले ते या कडकपणाने नव्हे. पहाटे दोनला, तीनला देवळात मिणमिणता दिवा दिसे आणि धर्मगुरू एकटेच वेदीपुढे गुडघे टेकून असत, हे शेतावर निघालेल्या माणसांनी वर्षानुवर्षे पाहिले. हळूहळू कोणी कुदळ दाराशी टेकवून क्षणभर आत जाऊ लागला.

त्या संत योहानाच्या कापेलाच्या खर्चात धर्मगुरू कर्जात बुडाले होते. सुताराने पैशाचा तगादा लाविला, तेव्हा ते कासावीस होऊन रस्त्याने चालू लागले आणि वाटेत एका अनोळखी बाईने सत्कार्यासाठी म्हणून हवी तेवढी रक्कम हातात ठेविली, अशी कथा सांगतात. खरे-खोटे देव जाणे; देवळाच्या कामाचा हिशेब ज्यांनी एकदा तरी सांभाळला आहे त्यांना ती खोटी वाटणार नाही.

त्याच वर्षी ऑगस्टच्या ६ तारखेला एक अपूर्व गोष्ट घडली. गावातील बहुतेक लोक रात्रीच निघून, नवी निशाणे उंच धरून, त्रेव्हूपर्यंत पायी आणि तेथून साओन नदीने नावांत बसून लिऑनला गेले व फूर्व्हियेर टेकडीवरील पवित्र मरिया मातेच्या देवळाची यात्रा करून आले. ज्या खेड्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते, त्याची मिरवणूक मोठ्या शहराने पाहिली. पुढे १८३६ च्या मे महिन्यात व्हियान्नींनी सारा गाव मरिया मातेस अर्पण केला. चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले एक हृदय करवून ते मातेच्या मूर्तीच्या गळ्यात घातले, आणि त्या हृदयाच्या पोकळीत पांढऱ्या रेशमी फितीवर गावकऱ्यांची नावे लिहून ठेविली. प्रस्तुत लेखकाला या साऱ्या चरित्रात ही गोष्ट सर्वांत गोड वाटते. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आपण भिंतींवर पाहतोच. येथे मजुराचे, मेंढपाळाचे नावही देवमातेच्या छातीशी गेले, आणि वाचावयास कोणालाच दिसले नाही!

देऊळ नीट झाल्यावर शाळेकडे लक्ष गेले. १८२४ साली देवळाजवळचे एक घर विकत घेऊन त्यांनी मुलींची विनामूल्य शाळा काढिली. तिचे नाव ‘दैवी कृपा’ अशा अर्थाचे ठेविले आणि ती चालविण्यास बाहेरून कोणी न आणिता गावातीलच दोन तरुणी, कॅथरिन लासाञ व बनुआत लार्दे, यांना तयार केले. थोड्याच काळात तेथे अनाथ मुलींची सोय झाली व संख्या साठीपर्यंत गेली. एकदा माळ्यावरील गहू संपत आला असता प्रार्थनेनंतर माळा भरलेला आढळला, अशी साक्ष पुष्कळांनी दिली आहे. ही संस्था पुढे १८४७-४८ च्या सुमारास वरिष्ठांच्या इच्छेने धर्मभगिनींच्या स्वाधीन झाली आणि अनाथालय बंद पडले. व्हियान्नींनी आज्ञा पाळली, पण तो घाव त्यांना शेवटपर्यंत सलत राहिला.

एव्हाना आर्सला यात्रेचे रूप आले होते. प्रथम आसपासच्या गावांतील, मग लिऑनचे, मग साऱ्या फ्रान्सचे लोक पापनिवेदनासाठी येऊ लागले. लिऑनहून रोज गाड्या सुटत. आगगाडी आल्यावर तेथील स्टेशनात आर्सच्या यात्रेकरूंसाठी आठ दिवसांची खास तिकिटे मिळत, कारण पाळी येण्यास तितके दिवस लागत. धर्मगुरू मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास देवळात येत आणि उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास त्या अरुंद लाकडी पेटीत बसून राहत. थंडीत पाय बधिर होत, उन्हाळ्यात श्वास कोंडे. लिऑनच्या पोलीन जारिको बाईंनी त्यांना संत फिलोमिनाचा अवशेष दिला होता. या बाईंनी धर्मप्रसारासाठी आठवड्याला एक दमडी गोळा करण्याची जी युक्ती काढली, तिच्यातून १८२२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आशिया खंडातील मिशनांना मोठे साह्य केले. २०२२ साली त्या धन्यवादित म्हणून घोषित झाल्या. फिलोमिनाचे कापेल १८३७ साली आर्सच्या देवळात झाले, आणि होणाऱ्या नवलांचे श्रेय व्हियान्नी नेहमी त्या बालसंतेवर ढकलीत.

इतके होऊनही या पुरुषाला आपण त्या जागेस लायक आहो असे कधी वाटले नाही. इतर काही धर्मगुरूंनी त्यांच्या अज्ञानाबद्दल बिशपांकडे तक्रार लिहिली, तिचा कागद फिरत फिरत त्यांच्याच हाती आला, तेव्हा त्यांनी खाली आपली सही करून तो पुढे धाडिला. एकांतात जाऊन आपल्या पापांबद्दल रडावे ही त्यांची एकच इच्छा. १८४० साली एका रात्री ते निघाले व वाटेतील क्रुसापाशी थांबून परतले. १८४३ मध्ये जिवावरच्या दुखण्यातून उठल्यावर ते दार्दिलीस भावाच्या घरी निघून गेले. लोक तेथे मागोमाग पोहोचले, आणि थोड्याच दिवसांत ते परत आले.

तिसरी वेळ १८५३ च्या सप्टेंबरातील. वय सदुसष्ट. मध्यरात्री कंदील घेऊन ते घराबाहेर पडले. पण बेत कॅथरिनला ठाऊक होता आणि तिच्या पोटात तो राहिला नाही. मदतनीस धर्मगुरू फादर तोकानिए वाट अडवून उभे राहिले. त्यांचे प्रार्थनापुस्तकच काढून घेतले, म्हणजे त्यासाठी तरी मागे वळतील! आणि घंटा घणघणू लागली. आग लागली की दरवडा पडला, असे समजून लोक अंथरुणातून उठून धावले, आणि पाहतात तो त्यांचे वृद्ध धर्मगुरू अंधारात उभे. गावकरी, परगावचे यात्रेकरू, सर्वांनी त्यांना वेढा घातला. कोणी रडू लागले, कोणी पापनिवेदन तरी ऐकून जा म्हणून पायांशी बसले. तेहतीस वर्षांपूर्वी लोकांना देवळात बोलावण्यासाठी ज्यांनी ते घंटाघर बांधिले, त्यांनाच त्याच घंटाघराने देवळात परत बोलाविले. ते मुकाट्याने आत गेले, गळ्यात स्टोल घातला आणि पेटीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी कधी पळून जाण्याचा यत्न केला नाही.

बिशपांनी त्यांना १८५२ साली मानाचे कॅनन केले होते. खांद्यावर घातलेले ते मानाचे वस्त्र त्यांनी लगेच पन्नास फ्रँकांना विकून पैसे धर्मकार्यास लाविले. बादशहाने १८५५ साली पदक दिले, तेही त्यांनी अंगावर मिरविले नाही.

१८५९ चा जुलै महिना भयंकर उष्म्याचा होता. २९ तारखेला नेहमीप्रमाणे दिवसभर पापनिवेदन ऐकून ते घरी आले ते पुन्हा न उठण्यासाठी. खोलीत उष्मा असह्य होत होता, म्हणून गावकऱ्यांनी घराच्या भिंतींवरून चादरी सोडल्या आणि शिड्या लावून त्यांवर वरचेवर पाणी शिंपडत राहिले. सांगण्यावरून कोणी केले नाही. ज्याला जे सुचले ते त्याने केले. ४ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजता, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. अंत्यविधीस हजारो माणसे आणि सुमारे तीनशे धर्मगुरू आले होते.

मरणापूर्वीच नवे, मोठे देऊळ बांधण्याची योजना निघाली होती, व तिला त्यांचा आशीर्वाद होता. गर्दी त्या लहानशा दालनात मावत नव्हती हे तर उघडच होते. शिल्पकार पिएर बोसाँ यांच्याकडे काम आले आणि १८६२ साली आरंभ झाला. आता प्रश्न आला तो जुन्या देवळाचा. साधारणत: नव्यासाठी जुने पाडून टाकितात. येथे वेदीकडील टोक तेवढे काढून त्या बाजूने घुमटाची भव्य इमारत जोडिली; जुने दालन, बाजूची कापेले आणि विटांचे घंटाघर जसेच्या तसे राहू दिले. १९०४ साली त्यांचे शरीर थडग्यातून बाहेर काढिले तेव्हा ते बरेचसे टिकून असलेले आढळले. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली त्यांना धन्यवादित आणि पोप अकरावे पायस यांनी ३१ मे १९२५ रोजी संत म्हणून घोषित केले. १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल तेथे यात्रेस गेले होते.

आर्सला जाणारा यात्रेकरू आजही प्रथम त्या जुन्या, ठेंगण्या दालनातच शिरतो. तेथे त्यांचे प्रवचनाचे व्यासपीठ आहे, संत योहानाच्या कापेलात पापनिवेदनाची लाकडी पेटी आहे, मरिया मातेची मूर्ती आहे. घुमटाखालील काचेच्या पेटीत निजलेल्या संताचे दर्शन घ्यावयाचे तर या फरशीवरूनच पुढे जावे लागते.